पोशन प्यायलं तरी डाकूंना कळतंच कसं?

प्रश्न: दादा, स्कायरिम या गेममधे इनव्हिजिबिलिटीचं (अदृश्य करणारं) पोशन म्हणजे जादूचा काढा पिऊन डाकूंच्या गुहेत शिरते तरी ते तलवार काढून शोधत येतातच, आणि पेटी उघडली की मी लगेच दिसायला लागते, पोशन वाया. बग आहे का हा? (वाचक, लातूर)

उत्तर: बग नाही ताई, गेम बनवलाच तसा आहे. शत्रूला तुम्ही दिसताय का आणि तुमचा आवाज येतोय का, हे गेम वेगवेगळं बघतो, पोशनने फक्त दिसणं बंद होतं, पावलांचा आवाज येतच राहतो. त्यात हेवी आर्मर (जड चिलखत) घालून पळत असाल तर विषयच संपला. म्हणून वाकून हळू चाला आणि आधी मफल टाका, तो पावलांचा आवाज दाबणारा, अप्रेंटिस म्हणजे खालच्या लेव्हलचा स्पेल (मंत्र) आहे त्यामुळे लवकर मिळतो, इनव्हिजिबिलिटीचा स्पेल मात्र एक्स्पर्ट लेव्हलचा आणि टिकतो ३० सेकंद. आणि हो, सोबत लिडिया वगैरे गेममधली कुणी साथीदार असेल तर तिला बाहेरच थांबवा, गायब तुम्ही होता, ती नाही!

पेटीचं म्हणाल तर दार, पेटी, कुलूप, कुणाशी बोलणं, वार करणं, काहीही केलं की इफेक्ट तुटतो. त्यामुळे पोशन चोरीसाठी नाही, पहारेकऱ्यांच्या पुढून निघून जायला वापरा, पेटी गाठा, आजूबाजूला कुणी नाही बघून मगच उघडा. पोशन घरीच बनवा, व्हॅम्पायर डस्ट आणि चॉरस एग्ज एवढंच लागतं.

हा नियम जाचक वाटतो पण मला तो मनापासून पटतो. याच मालिकेतल्या आधीच्या ऑब्लिव्हियन गेममधे (२००६) कॅमेलियन हा लपवणारा इफेक्ट टक्क्यांत मिळायचा, चिलखत-अंगठ्यांवर जमवत १०० टक्के केला की तुम्ही मारत सुटलात तरी कुणाला पत्ता नाही, मग लढाईत काही मजाच उरायची नाही. स्कायरिममधे वस्तूंवर चढवायचं ते जादूई एन्चांटमेंट ठेवलंच नाही, बरं केलं.

प्रश्न: बाल्डर्स गेट ३ या गेममधे पण असंच का? (वाचक, ठाणे)

उत्तर: बरंचसं. साधा इनव्हिजिबिलिटी स्पेल १० टर्न (पाळ्या) टिकतो, हल्ला केला किंवा दुसरा स्पेल टाकला की संपला. शिवाय त्याला कॉन्सन्ट्रेशन लागतं, म्हणजे ज्याने स्पेल टाकला त्यालाच फटका बसून कॉन्सन्ट्रेशन तुटलं तर पुढे गेलेला तुमचा रोग (Rogue, चोरपावलांनी वावरणारं पात्र) शत्रूंच्या मधोमध उघडा पडतो, तेव्हा जादूगाराला लांब, भिंतीमागे ठेवा.