आलेखकागद देण्याआधी सुतळी द्या

सातवीची मुलं स्तंभालेख सुबक काढतात, पण प्रमाण (आलेखातला 1 सेंमी म्हणजे प्रत्यक्षात किती) का घ्यायचं हे त्यांना सांगता येत नाही. ते वस्तूंमधून कसं शिकवावं, असा तुमचा प्रश्न आहे. बहुतेकदा प्रमाण आपणच फळ्यावर लिहून देतो, म्हणून त्याची गरज मुलांना जाणवतच नाही.

वर्षाचा सरासरी पाऊस घ्या. ढोबळ आकडे पुरतात: पुणे 700 मिमी, नागपूर 1100, महाबळेश्वर 5600. पहिल्या फेरीत पाऊस जितका, तितकीच सुतळी कापायची. म्हणजे पुण्याची 70 सेंमी, नागपूरची 110 आणि महाबळेश्वरची 560. खालची टोकं जमिनीलगत एका रेषेत चिकटपट्टीने लावून सुतळ्या भिंतीवर उभ्या ताणा. दोन मावतील, तिसरी छताला लागूनही उरेल. आता काय करायचं, ते मुलांना विचारा. "उरलेली कापून टाकू" असं कुणी म्हटलं तर लगेच चूक ठरवू नका. कापल्यावर महाबळेश्वर नागपूरच्या किती पट दिसेल, ते मोजायला लावा.

मग प्रमाण घ्या: सुतळीचा 1 सेंमी = 100 मिमी पाऊस. सुतळ्या 7, 11 आणि 56 सेंमी होतात. फळ्यावर बसतात, वहीत नाही. 1 सेंमी = 500 मिमी घेतलं तर 1.4, 2.2 आणि 11.2. वहीत बसलं, पण पुणे-नागपुरातला फरक जेमतेम 8 मिलिमीटर उरला. या ओढाताणीवर पूर्ण तास गेला तरी चालेल, कारण खरा धडा हाच आहे.

लोकर वापरू नका, ती ताणली जाते. बाटल्यांत रंगीत पाणी भरणार असाल तर सगळ्या एकाच मापाच्या हव्यात. दुप्पट व्यासाच्या बाटलीत तेवढ्याच उंचीला चौपट पाणी मावतं. मग मुलं उंची वाचणार की पाणी?

वृत्तालेखाला (वर्तुळाचे भाग पाडून काढलेला आलेख, पाय चार्ट) घोटीव कागदाच्या पट्ट्या उत्तम. वर्गात 36 मुलं असतील तर हिशेब सोपा: प्रत्येकामागे 2 सेंमी. शाळेत चालत येणारी 14, सायकलवाली 9, एसटीने 7, रिक्षाने 6. म्हणजे 28, 18, 14 आणि 12 सेंमीच्या चार रंगांच्या पट्ट्या. जोडण्यासाठी प्रत्येकीला 1 सेंमी जादा ठेवा आणि ते टोक पुढच्या पट्टीच्या मागे चिकटवा. जादा कागद ठेवला नाही तर प्रत्येक जोडात पट्टी आखडते आणि कोन चुकतात. 72 सेंमीचं कडं 11.5 सेंमी त्रिज्येच्या वर्तुळावर उभं करा, रंग बदलतो तिथून केंद्रापर्यंत रेघा ओढा आणि कोनमापक लावा. 140, 90, 70, 60 अंश येतात. एक-दोन अंशांचा फरक कागदाच्या जाडीमुळे पडतो, तो सोडून द्या. सूत्र यानंतर सांगा.

तपासताना मूळ आकडे लपवून एका गटाची प्रतिकृती दुसऱ्या गटाला वाचायला द्या. आकडे परत मिळाले नाहीत तर आधी बघा, प्रमाण लिहायचं राहिलंय का, की सुतळ्यांची सुरुवात एका रेषेत नाही.