फोन तिला लाव

प्रिय मुली,

तुझा मेसेज वाचला. उमेदवार बाई, फोन उचलला नवऱ्याने, 'मॅडम प्रचारात आहेत, मी सांगतो ते लिहून घ्या' म्हणाला, आणि पेपरच्या डेस्कला सातच्या आत बातमी हवी. आता काय करू, विचारतेस.

त्याचं ऐकून घे आणि विचार, 'मॅडमशी किती वाजता बोलता येईल?' त्या वेळेला पुन्हा लाव. तेव्हाही तोच बोलला तर तेवढंच छाप: 'उमेदवाराशी संपर्क साधला असता त्यांच्या पतींनी फोन घेतला, उमेदवाराची प्रतिक्रिया मिळू शकली नाही.' नवऱ्याच्या वाक्याला 'असे त्या म्हणाल्या' हे शेपूट लावायचं नाही. डेस्क कितीही ओरडू दे.

अर्जावरचा नंबर पुष्कळदा नवऱ्याचा नाहीतर दिराचा निघतो. तिचा नंबर तिच्याकडूनच घे, पदयात्रेत, समोरासमोर. दुपारी दोन ते चार प्रचार थंडावतो, तेव्हा घरी जा. बैठकीत कोण बसलंय आणि चहाचा ट्रे घेऊन कोण उभंय, हेही दिसेल. व्हॉट्सअॅपवरच्या प्रेसनोटमधलं तिचं वाक्य तसंच उचलू नकोस; दुसऱ्या दिवशी तीन पेपरांत तेच वाक्य दिसतं, आणि तिने ते वाचलेलंही नसतं. फोन तिला लाव.

'घर सांभाळून राजकारण कसं जमतं' हे तू विचारणार नाहीसच. सांगलीतल्या शेरीनाल्याचं पाणी कृष्णेत जातं, त्याचं काय करणार? आयर्विन पुलाजवळ पाणी 40 फुटांच्या इशारा पातळीला आलं की प्रभागातली कुठली गल्ली आधी हलवायची, माणसं कुठल्या शाळेत न्यायची? उत्तर आलं नाही तर तेही छाप. बाई आहे म्हणून सांभाळून घेणं म्हणजे तिला उमेदवारच न मानणं. शपथपत्रही नीट वाच: तिची आणि जोडीदाराची मालमत्ता वेगवेगळ्या रकान्यांत असते. दोन्हींची बेरीज करून हेडिंगमध्ये तिला 'कोट्यधीश' केलं जातं, आणि जमीन सगळी त्याच्या रकान्यात.

नातं लिहूच नये, असं मी म्हणत नाही. तासगाव-कवठेमहांकाळची 2015 ची पोटनिवडणूक आर. आर. आबा पाटलांच्या निधनामुळेच लागली होती; उमेदवार असलेल्या त्यांच्या पत्नी सुमनताईंच्या बातमीत नातं येणारच. पण 2019 ला त्या पुन्हा उभ्या राहिल्या, तेव्हा पहिल्या ओळीचा हक्क चार वर्षांच्या आमदारकीचा. शालिनीताई पाटील राज्याच्या महसूलमंत्री होऊन 1983 ला सांगलीतून लोकसभेत गेल्या, तरी ओळख 'वसंतदादांच्या पत्नी' इथूनच सुरू व्हायची. बारामतीत 2024 ला तर सुप्रिया सुळे विरुद्ध सुनेत्रा पवार ही अख्खी लोकसभा 'नणंद-भावजय' या दोन शब्दांत उरकली.

सभेत कुणी तिच्याबद्दल घाण बोललं तर 'जीभ घसरली' असं हेडिंग देऊ नकोस. जीभ घसरत नाही, टाळ्या बघून बोललेलं असतं. ते वाक्य हेडिंगमध्ये आलं की बोलणाऱ्याचा प्रचार फुकटात होतो. हेडिंगमध्ये तक्रार घे: सार्वजनिक कामाशी संबंध नसलेल्या खासगी आयुष्यावर टीका करायला आचारसंहितेत मनाई आहे, तक्रार झाली का, कुणाकडे, पुढे काय झालं? आणि प्रतिक्रिया? नवऱ्याची नको, पक्षाच्या जिल्हाध्यक्षाचीही नको. फोन तिला लाव.

याच हट्टापायी माझ्या बातम्या उशिरा येतात अशी तक्रार असायची. तक्रार खरी होती. पण उशिरा आलेल्या त्या बातमीत उमेदवार स्वतः बोलायची, एवढं मी आजही कुणालाही ऐकवीन. 'बायका बोलतच नाहीत हो' ही सबब तर मला सांगूच नकोस. राज्यात स्थानिक संस्थांत 2011 पासून निम्म्या जागा महिलांच्या आहेत. त्या बोलत नाहीत म्हणणाऱ्यांनी विचारलं कुणाला होतं?

तुझी आजची बातमी सातला जाणार नाही. डेस्कला आत्ताच सांग, नऊपर्यंत चार कॉलमऐवजी दोन कॉलम जागा ठेवा, फोटो प्रचारातला येईल, बॅनरवरचा जोडीचा नाही. आणि साडेआठला पुन्हा लाव. कोपरा सभा संपवून ती गाडीत बसलेली असेल.

तुझा,
काका