प्रथिन बनतंय, पण सगळं पेलेटमध्ये, म्हणजे पेशी फोडून सेंट्रिफ्यूज केल्यावर तळाशी बसणाऱ्या गाळात, जातंय. युरिया वापरू का?

प्रश्न थोडक्यात असा: बडोद्याच्या एका एमएस्सीच्या प्रोजेक्टमध्ये बीएल२१ (डीई३) या ई. कोलाय जिवाणूत हिस-टॅगवालं (शुद्धीकरणासाठी हिस्टिडीनची शेपटी जोडलेलं) प्रथिन बनवलं, ३७ अंशांवर, १ मिलिमोलर आयपीटीजी (प्रथिन बनवणं सुरू करणारं रसायन), ४ तास. प्रथिनं आकारानुसार वेगळी करणाऱ्या जेलवर पट्टा ठळक आहे, पण पेलेटच्या लेनमध्ये.

युरिया गुठळ्या विरघळवतो, पण प्रथिनाची घडीही उलगडतो; तो एवढ्यात नको. आधी पेशी फुटल्या का ते बघा. न फुटलेल्या पेशीही तळाशीच बसतात. त्याच जेलवर सुपरनॅटंटची, म्हणजे गाळावरच्या द्रवाची, लेन पाहा: जिवाणूची इतर प्रथिनंही तिथे फिकट असतील, तर दोष सोनिकेशनचा, म्हणजे ध्वनिलहरींनी पेशी फोडण्याचा. लायसोझाइम (पेशीभित्तिका तोडणारं एन्झाइम) १ मिग्रॅ प्रति मिली, अर्धा तास बर्फात. मग सोनिकेटर १० सेकंद चालू, २० सेकंद बंद. फेस आला की थांबा, सोनिकेटरचं टोक वर आलंय.

पेशी फुटल्या असतील, तर प्रथिनाची घाई होतेय. ३७ अंशांवर साखळ्या इतक्या भराभर तयार होतात की घडी पडण्याआधीच त्यांचे पाण्याला टाळणारे भाग एकमेकांना चिकटतात. म्हणून ओडी (कल्चरचा गढूळपणा, म्हणजे पेशींची दाटी) ०.६ पर्यंत ३७ वर वाढवा, कल्चर १८ अंशांवर आणा, आणि नंतरच ०.१ ते ०.२ मिलिमोलर आयपीटीजी घालून रात्रभर, १६ ते १८ तास ठेवा. हा क्रम मोडू नका.

मे महिन्यात बडोद्यात खरी गोची इथेच होते. साध्या शेकरला नुसता हीटर असतो. १८ चं बटण दाबलं तरी खोली ३६ ची असेल तर कल्चरही किमान तितकंच गरम. कूलिंगवाला शेकरच लागतो. आत पाण्याचा एक फ्लास्क ठेवून त्यात थर्मामीटर बुडवून पाहा, पडद्यावरच्या आकड्यावर जाऊ नका.

बफरचा पीएच प्रथिनाच्या पीआयपासून (ज्या पीएचला प्रथिनावरचा एकूण भार शून्य असतो) किमान १ ने दूर हवा. मीठ ३०० मिलिमोलर, ग्लिसरॉल १० टक्के. तरीही जमलं नाही तर एमबीपी किंवा सुमो टॅग, म्हणजे विरघळायला मदत करणारं दुसरं प्रथिन जोडा. डायसल्फाइड बंध (दोन सिस्टीनमधले गंधकाचे जोड) असतील तर शफल स्ट्रेन (असे बंध पेशीद्रवात बनू देणारा ई. कोलाय) घ्या, कारण साध्या ई. कोलायच्या पेशीद्रवात ते सहसा टिकत नाहीत. अल्फाफोल्ड या संगणकीय प्रणालीने वर्तवलेल्या रचनेत टोकाला सैल शेपूट दिसली तर ती छाटून नवा क्लोन करणं मला युरियापेक्षा केव्हाही बरं वाटतं.

युरियाच उरला, तर ८ मोलर, त्याच दिवशी केलेला आणि न तापवलेला. तापवला की सायनेट तयार होऊन लायसीनला चिकटतं. रीफोल्डिंगला (युरिया काढून प्रथिनाची घडी पुन्हा पाडताना) प्रथिन ०.१ मिग्रॅ प्रति मिलीपेक्षा कमी ठेवा. द्रावण स्वच्छ दिसलं म्हणजे घडी बरोबर पडली असं नाही. एन्झाइम असेल तर ॲक्टिव्हिटी मोजल्याशिवाय पुढे जाऊ नका.