सप्लाय तोच, कार्ड नवे?

प्रश्न : तयार गेमिंग कॉम्प्युटरचा पॉवर सप्लाय ३०० वॉटचा आहे, ८ पिनची केबल नाही. आरटीएक्स ४०६० हे ग्राफिक्स कार्ड चालेल का?

उत्तर : या सप्लायवर नको. कार्ड सुमारे ११५ वॉट खाते, मदरबोर्डवरचा (मुख्य सर्किट बोर्डावरचा) कार्डाचा स्लॉट देतो जास्तीत जास्त ७५; उरलेली वीज ८ पिनच्या केबलनेच यायला हवी. सॅटाचा, म्हणजे हार्ड डिस्कला वीज देणारा, कनेक्टर जोडून ८ पिन करणारे अडॅप्टर तर मुळीच लावू नका. तो कनेक्टर १२ व्होल्टवर ५४ वॉटचाच असतो, तापून वितळू शकतो. ५५० वॉटचा सप्लाय घ्या. मात्र आधी झाकण उघडून मदरबोर्डचा मुख्य कनेक्टर मोजा. तो २४ पिनचा नसेल, तर बाजारातला सप्लाय सहसा थेट बसत नाही. अशा वेळी ७० वॉटचे, वेगळी केबल न लागणारे ६ जीबीचे आरटीएक्स ३०५० बरे. कार्ड मावेल का, हे पाहायला कॅबिनेटमधली लांबीही मोजा. मॉनिटरची केबल मदरबोर्डला नको, कार्डालाच लावा.