धुळ्यात चालवायच्या टू-स्ट्रोक डर्ट बाईकच्या गिअरबॉक्समध्ये कोणतं ऑइल टाकावं? कारचं उरलेलं चालेल का?

डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ (मोटरसायकल ऑइलांची जपानी मानकं) लिहिलेलं, मोटरसायकलचं १०डब्ल्यू-४० (जाडीचा ग्रेड) ऑइल टाका. कारचं टाकू नका. टू-स्ट्रोकमध्ये पिस्टनला पेट्रोलात मिसळलेलं टूटी (टू-स्ट्रोक) ऑइल मिळतं. गिअरबॉक्सचं ऑइल वेगळं, ते फक्त गिअर आणि त्यातच बुडालेल्या क्लचप्लेटांसाठी असतं. म्हणून ‘फोर-स्ट्रोक’ छापलेला डबा घ्यायला घाबरू नका. कारच्या बऱ्याच ऑइलांत घर्षण कमी करणारी रसायनं असतात, त्यांनी क्लच घसरतो. स्कूटरचं ‘एमबी’ ऑइलही त्याच कारणाने नको. दुकानदार ‘गिअर ऑइल ८०डब्ल्यू’ दाखवेल. आकडा मोठा असला तरी ते साधारण १०डब्ल्यू-४० सारखंच पातळ असतं, कारण गिअर ऑइलची मोजपट्टी निराळी. मात्र ते ओल्या, म्हणजे ऑइलात बुडालेल्या, क्लचला चालतं असं डब्यावर लिहिलेलं हवं. डिफरन्शियलचं (कार-जीपच्या चाकांच्या अॅक्सलमधल्या गिअरचं) ९० नंबर ऑइल अजिबात नको.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांला टेकतो, आणि तोरणमाळकडच्या चढांवर अर्धा क्लच दाबून गाडी काढावी लागते. तिथे ऑइल लवकर तापतं आणि क्लचप्लेटांच्या भुकटीने काळं पडतं. महाग ऑइलापेक्षा ते वेळेवर बदलणं मला जास्त मोलाचं वाटतं. लागतं जेमतेम पाऊण लिटरच्या आसपास.

पण गाडीच्या मॅन्युअलात दुसरा ग्रेड दिला असेल, तर तोच पाळा: केटीएमच्या कित्येक टू-स्ट्रोकना १५डब्ल्यू-५० लागतं. आणि ऑइल दुधाळ दिसलं तर ग्रेड बदलून भागणार नाही, आत पाणी शिरलंय. आधी वॉटर पंपाचं सील तपासा.