आजीच्या पेटीतली १९१८ ची गिनी: वजनावर द्यावी की ग्रेडिंग करावं?

तुमचा प्रश्न असा की आजीच्या पेटीत १९१८ ची गिनी निघाली, सराफ नुसता वजनाचा भाव सांगतोय आणि यूट्यूबवर तसलंच डबीबंद नाणं लाखोंना विकतंय म्हणतात, तर ग्रेडिंग, म्हणजे कंपनीकडून नाण्याची अवस्था तपासून, आकडा लावून डबीत बंद करून घेणं, ते करायचं का. मी सांगलीचा, नाण्यांचा नाद आहे, धंदा नाही, म्हणून स्पष्टच सांगतो, गिनी असेल तर बहुतेक नाही.

आधी सोन्याचा हिशोब. गिनी ७.९८८ ग्रॅमची, २२ कॅरेट, म्हणजे शुद्ध सोनं ७.३२ ग्रॅम. आजच्या शुद्ध सोन्याच्या भावानं गुणा, हा झाला तळाचा आकडा, त्याच्याखाली जायचंच नाही आणि घट बिट कापतो म्हणाला तर सरळ उठून पुढच्या दुकानात जायचं, सराफ कट्ट्यावर दुकानांना काय तोटा आहे का.

आता नाणं भिंगाखाली धरा. घोड्याखाली जी आडवी रेघ आहे तिच्यावर, सालाच्या बरोबर वर, बारीक इंग्रजी आय दिसला तर ती मुंबईच्या टांकसाळीची, तिथं गिन्या फक्त १९१८ लाच पडल्या. छान वस्तू आहे, पण लाखोंनी पाडलेली, त्यामुळं दुर्मिळ वगैरे नाही. त्याच साली मुंबईतच १५ रुपयांचं सोन्याचं नाणं पण पडलं, वजन तेवढंच, पण त्याच्यावर घोडा नसतो, किंमत लिहिलेली असते. ते निघालं किंवा १८४१ ची व्हिक्टोरियाची मोहर निघाली तर मात्र मोडीत घालायची घाई नको, त्याला गिऱ्हाईक वेगळं असतं.

आपल्याकडची खरी गोम म्हणजे कडी. आज्यांनी गिन्या माळेत ओवल्या, वरच्या काठाला झाळून कडी लावली, मग कुणीतरी ती काढून घासून साफ केली. काठावरचे दाते बोटानं चाचपत जा, एका जागी गुळगुळीत लागले की समजा. असलं नाणं एनजीसी किंवा पीसीजीएस या अमेरिकेतल्या ग्रेडिंग कंपन्यांकडं गेलं तर ७० पैकी आकडा मिळतच नाही, दागिन्यातलं नाणं असा शेरा मारून परत येतं, ग्रेडिंगचे पैसे पाण्यात. आणि चिंच, रिठा, पितांबरी काही लावू नका ओ, चकचकीत केलं की जाणकार लगेच हात आखडता घेतो.

शिवाय १०० वर्षांवरचं नाणं कायद्यानं पुरावस्तूत मोडतं, १९७२ चा कायदा आहे, खाजगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही, त्यामुळं अमेरिकेला कुरिअर करायचं डोक्यातून काढा. डबीबंद विकत घेणार असाल तर डबीवरचा नंबर कंपनीच्या साईटवर टाकून फोटो जुळतोय का बघा, डब्या पण नकली येतात. शिवकालीन होन स्वस्तात देतो म्हणणारा भेटला तर नमस्कार करून निघायचं.

फोटो टाकणार असाल तर दोन्ही बाजूंचा आणि काठाचा टाका, उन्हात काढलेला, फ्लॅश नको.