दुर्घटना ताजी असताना कॉमेडियननं त्यावर विनोद करावा का? किती दिवस थांबायचं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: तुम्ही पुण्यात ओपन माइक करता. मागच्या महिन्यातल्या एका दुर्घटनेवर दोन मिनिटांचा तुकडा केलात, हॉल हसला, पण मागच्या रांगेतला एकजण उठून निघून गेला. असे विनोद करावेत का, करायचे तर किती दिवस थांबायचं आणि त्या तुकड्याची क्लिप टाकावी का, असं तुम्ही विचारलंय.

करावेत. थांबायचा हिशोब दिवसांत होत नाही. क्लिप टाकू नका.

आता कारणं. जरा लांबण लागेल, कारण मी सांगलीचा, हौशी नाटकवाला, गणपतीत मंडळांचं निवेदन करणारा, आणि या विषयाचा आमच्या गावाला नको तेवढा सराव आहे.

2019 च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेचं पाणी 57 फुटांच्या वर गेलं. धोक्याची पातळी 45 फूट. गावभाग, मारुती रोड, टिळक चौक, स्टेशन चौक, सगळं पाण्यात. मी एका शाळेतल्या निवारा केंद्रात जेवण वाढायला होतो. तिथं लोक रडत होते हे खरंच, पण हसतही होते, आणि तेही पाणी चढत असताना. त्याच आठवड्यात सरकारचा एक आदेश फिरायला लागला: पूरग्रस्त कुटुंबाला दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ मोफत, अट एवढीच की भाग दोन दिवसांपेक्षा जास्त काळ पाण्यात बुडालेला पाहिजे. केंद्रातल्या एका मामींनी तो फोनवर वाचून घेतला आणि नदीच्या दिशेला हात जोडून म्हणाल्या, "आमच्यात काल दुपारी शिरलंय. कृष्णामाई, उद्या सांजच्यापर्यंत तेवढी थांब गं बाई, गव्हाचं बघायचंय." त्यांचे मालक भिंतीला टेकून बसले होते, ते तिथूनच म्हणाले, "आणि दळणार कुठं? गिरणी बी गेलीया."

अख्खा वर्ग हसला. त्या दोघांचं घर त्या घटकेला छपरापर्यंत बुडालेलं होतं. म्हणजे दुर्घटना होऊन किती दिवस झाले म्हणाल, तर ती अजून संपलेलीच नव्हती.

मग एका मंत्र्यांचा बोटीतला हसरा सेल्फी व्हिडिओ आला. मदतीच्या पिशव्यांवर नेत्यांचे फोटो चिकटवलेलेही दिसले. त्यावर आमच्याकडे काय काय बोललं गेलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, पण त्यातलं बरंचसं आजही कुठल्याही स्टेजवर चालेल.

आणि त्याच आठवड्यात, 8 ऑगस्टला, ब्रह्मनाळची बोट उलटली. पलूस तालुक्यातलं, कृष्णा आणि येरळा मिळतात तिथलं गाव. पाण्यात अडकलेल्या लोकांना बाहेर काढणारी बोट होती. 17 माणसं गेली, त्यात बायका आणि लेकरं जास्त. त्या बोटीवर मी आजवर एकही विनोद ऐकलेला नाही. केंद्रात नाही, नंतरच्या गणपतीत नाही, कट्ट्यावर दोन पेग झाल्यावरही नाही. आमची माणसं सोवळी आहेत म्हणून नव्हे. सख्ख्या चुलत्याच्या मयतीत लाकडं ओली निघाली तरी त्यावर कोटी करणारी ही माणसं आहेत. मात्र बोटी पुरेशा का नव्हत्या, बाहेरच्या बोटी कधी पोचल्या, पोचल्या तेव्हा त्यात कोण कोण फोटोला उभं होतं, यावर तिखटातलं तिखट मी ऐकलंय, आणि तेही त्याच पट्ट्यातल्या लोकांकडून.

मला जे सांगायचंय ते यात आलंय. प्रत्येक दुर्घटनेत दोन गोष्टी एकमेकींत मिसळलेल्या असतात. एक, गेलेली माणसं आणि गेलेलं घर. दुसरी, त्याच्या भोवतीचा येडेपणा: सरकारचा, पुढाऱ्यांचा, चॅनलवाल्यांचा, बघ्यांचा आणि आपला स्वतःचा. पहिल्या गोष्टीवर हसायचा हक्क ज्याचं गेलं त्याचा. तो स्वतः हसला तर आपण त्याच्याबरोबर हसावं. दुसरीवर कुणीही, कधीही, पहिल्या दिवसापासून. तुमच्या दोन मिनिटांत यातलं कुठलं किती होतं, एवढंच तपासा. कॅलेंडर बघू नका.

अवघड जागा मधली आहे, जिथं येडेपणा भोगणाऱ्याचाच असतो. 2019 ला सांगलीत कित्येक घरं वेळेवर सोडली गेली नाहीत, कारण प्रत्येकाच्या डोक्यात 2005 चा पूर बसला होता. "तवा तिसऱ्या पायरीला पाणी थांबलं हुतं, आता बी थांबंल." मग पाणी तिसऱ्या पायरीवरून माळ्यावर गेलं. आता आम्ही एकमेकांना म्हणतो, "आमच्या आप्पांनी पायरी दाखवली होती, पण पाण्याला 2005 चं कुणी सांगितलंच नव्हतं." हे आम्ही म्हणतो आणि हसतो, आप्पाही हसतात. हेच टीव्हीवर कुणी "सांगून सुद्धा निघाली नाहीत, भोगा आता" असं म्हटलं की ती शिवी होते. मजकूर तोच, पण बोलणारा कोरड्यात उभा.

आमच्या शेजारच्या सातारा जिल्ह्यात, वाईजवळ मांढरदेवला 25 जानेवारी 2005 ला काळूबाईच्या यात्रेत चेंगराचेंगरी झाली, अडीचशेहून जास्त माणसं गेली. तेव्हा शहरी माणसाला भक्तांच्या श्रद्धेवर हसणं फार सोपं होतं. पण माणसं मेली ती नारळाच्या पाण्यानं आणि तेलानं निसरड्या झालेल्या वाटेवर, अरुंद जागेत, दुकानांना लागलेल्या आगीत. गर्दी होणार हे दरवर्षी माहीत असून वाट तेवढीच ठेवणं, हा खरा हसण्याजोगा आणि संतापण्याजोगा मूर्खपणा. हिणवलं गेलं मात्र नारळ घेऊन चढणाऱ्यांनाच. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, तशातला विनोद.

जुन्या लोकांना हे न शिकवता कळत होतं. 1972 च्या दुष्काळात आमचे वडील जत तालुक्यात खडी फोडायच्या कामावर होते. खायला सरकारनं दिलेली मिलो, ती लाल ज्वारी, जी गिळता गिळत नसे. त्यानंतरच्या कुठल्याशा जत्रेत त्यांनी तमाशा पाहिला. बतावणीत सोंगाड्या खडी फोडायला बसला, फोडता फोडता त्यानं एक खडा उचलून तोंडात टाकला आणि चावत म्हणाला, "सरकार खोटं बोलत न्हाई गड्या. मिलोपक्षा हे मऊ हाय." वडील सांगायचे की पुढच्या रांगेत बसलेल्यांच्या हाताला अजून फोड होते आणि तीच माणसं लोळून हसत होती. सोंगाड्यानं भुकेची थट्टा केली नाही, त्यानं भूक स्वतःच्या तोंडात घेतली आणि दोष जिथला तिथं ठेवला. आणि त्याला पुढची रांग दिसत होती. हा मुद्दा पुन्हा येईल.

परदेशातलं एक उदाहरण तुम्हाला बहुतेक माहीत असेल, पण त्याचा उत्तरार्ध फारसं कुणी सांगत नाही. गिल्बर्ट गॉटफ्रीड, ब्रुकलिनमध्ये जन्मलेला कॉमेडियन. 2001 च्या सप्टेंबरमध्ये, जुळे मनोरे पडून तीन आठवडेही झाले नव्हते, तेव्हा न्यूयॉर्कमधल्याच एका कार्यक्रमात त्यानं सांगितलं की मला लवकर निघायचंय, विमान पकडायचंय, पण थेट विमान मिळेना, म्हणे आधी एम्पायर स्टेट बिल्डिंगला थांबा आहे. हॉल गार पडला आणि कुणीतरी ओरडलं, अजून फार लवकर आहे. या एका ओरडण्यावर नंतर किती लिहिलं गेलंय! पण तो त्या गावचा होता, त्याच गावातल्या लोकांसमोर उभा होता, आणि त्याच रात्री त्याच लोकांना त्यानं दुसरा, भलताच अश्लील किस्सा सांगून हसवून दाखवलं. लोकांनी त्याला माफ केलं. दहा वर्षांनी, मार्च 2011 मध्ये, जपानच्या त्सुनामीवर त्यानं घरबसल्या ट्वीट केले. तेव्हा अफ्लॅक या विमा कंपनीनं त्याला जाहिरातीच्या कामावरून काढून टाकलं. (कंपनीचा मोठा धंदा जपानातच होता, त्यामुळे हळवेपणाला हिशोबाचीही जोड होती, हे सोडून देऊ.) माणूस तोच, जीभ तीच. फरक एवढाच की त्सुनामीच्या वेळी त्याच्यासमोर कुणीच बसलेलं नव्हतं.

किती दिवस थांबायचं यावर तर चक्क प्रयोग झालाय. 2012 च्या ऑक्टोबरात अमेरिकेच्या किनाऱ्यावर सँडी चक्रीवादळ आलं, तेव्हा विनोदाचा अभ्यास करणारे संशोधक पीटर मॅकग्रॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वादळावरचे तेच ते विनोद वेगवेगळ्या दिवशी ऑनलाइन लोकांना वाचायला दिले. वादळाची हानी कळल्यावर विनोद पडले, मग हळूहळू चढत गेले, 36 व्या दिवसाच्या सुमाराला सगळ्यात जास्त हसू आलं, आणि 99 व्या दिवसापर्यंत पुन्हा थंड. अभ्यास रंजक आहे, पण तुम्ही त्यातून 36 हा आकडा उचलून वहीत लिहू नका. एक तर दुर्घटनेगणिक तो बदलणार. दुसरं, तो मोजतो हसू. ज्याच्या घरातला चिखल अजून निघालेला नाही, त्याची वही वेगळी असते.

पूर ओसरल्यावर कुणाच्या तरी कार्यक्रमाची एक क्लिप आमच्या ग्रुपवर आली. सांगलीकरांना फुकट स्विमिंग पूल मिळाला, अशा धर्तीचं काहीतरी. हळदीच्या धंद्यातला माझा एक मित्र तेव्हा दुकानातला गाळ फावड्यानं ओढत होता. मला वाटलं, भडकेल. तो शांतपणे क्लिप बघून म्हणाला, "ह्या गड्याला पाणी वसरल्यावर वास कसला येतोय ते म्हाईत न्हाई." त्याला राग नव्हता, त्याला तो माणूस कच्चा वाटला. आणि खरंच, तो विनोद पाटण्याला चालला असता, चेन्नईला चालला असता, कुठल्याही पुराला चालला असता. भिजून फुगलेली हळदीची पोती, ओटीसाठी ठेवलेला खण आणि नारळ घेऊनच घर सोडणारी म्हातारी, दहा किलो गव्हासाठी मोजलेले तास, यातलं त्याला काहीच ठाऊक नव्हतं. बहुतेक वेळा क्रूर वाटणारा विनोद आधी आळशी असतो.

मग बाहेरच्यानं गप्प बसायचं का? अजिबात नाही. 2001 च्या त्याच सप्टेंबरमध्ये 'द ओनियन' या उपहासपत्रानं अख्खा अंक हल्ल्यावर काढला. त्यात एक बातमी अशी होती की दुसरं काय करावं ते न सुचल्यामुळे एका बाईनं अमेरिकी झेंड्याचा केक केला. लांबून बघणाऱ्याची असहायता, बाकी कुणाला धक्का नाही. आमच्या पुराच्या वेळी तुमच्या पुण्या-मुंबईकडून ट्रकच्या ट्रक कपडे आले. बरंच चांगलं होतं, त्याबद्दल खरोखर ऋणी आहोत. पण फाटक्या साड्या, एकेकटे मोजे, कुणाचा तरी लग्नातला जरीचा कोट, यांचेही ढीग होते. पुण्याच्या कॉमेडियननं यावर बोलावं की! "आमच्या आईनं वीस वर्षं कपाट आवरलं नव्हतं, शेवटी सांगलीला पूर आला." हे तुम्ही पुराच्या चौथ्या दिवशी आमच्या केंद्रात येऊन म्हटला असता, तर मामींनी तुम्हाला जेवायला बसवलं असतं.

कायद्याबद्दल एकच. विनोद वाईट वाटला म्हणून पोलिसांत तक्रार करा, बंदी घाला, म्हणणाऱ्यांत मी नाही. बंदीचा दांडका हातात आला की मेलेल्यांवरच्या हलक्या कोटीला तो क्वचितच लागतो. पहिला फटका बोटीतल्या मंत्र्यावरच्या विनोदाला बसतो.

उठून गेलेल्या माणसाचं फार मनाला लावून घेऊ नका, त्याची शेवटची पीएमपी बस असेल. पण नसेलही. पुढच्या वेळी असं झालं तर कार्यक्रम संपल्यावर दाराशी उभे राहा आणि भेटला तर विचारा, बाजू मांडू नका. त्याच्याकडून जे कळेल, ते शंभर हसणाऱ्यांकडून कळत नाही.

आणि क्लिप. हॉलमध्ये तुम्हाला पुढची रांग दिसते, एखादा चेहरा पडला तर तुम्ही वाक्य मधेच वळवू शकता. क्लिपला तोंडच असतं, डोळे नसतात. तुमचं चाळीस माणसांसाठी तोललेलं वाक्य दुसऱ्या दिवशी सकाळी नेमकं त्या गावातल्या, त्या घरातल्या फोनवर जाईल, आणि तिथं तुम्ही वाक्य वळवायला नसाल. म्हणून नको म्हटलं. तुकडा मात्र टाकून देऊ नका. त्यातली ज्या ज्या वाक्यात मेलेल्यांचा उल्लेख आहे ती आधी काढा, मग राहिलेलं चार वेळा स्टेजवर करून बघा. हसू टिकलं तर क्लिप राहिलेल्याची काढा.